औत वळेना

जरा जपून पाय टाका. बांध जेमतेम वीतभर रुंदीचा आहे, दोन माणसं शेजारी उभी राहत नाहीत. बांध सोडलात तर कुणाच्या तरी हरभऱ्यात पाय पडेल आणि सकाळी सकाळी शिव्या खाव्या लागतील. साल १९१५, थंडीचे दिवस. पुण्यापासून तीन-चार कोसांवरचं, पवनेकाठचं पिंपळे सौदागर. हरभऱ्याला घाटे लागलेत, पलीकडे शाळू निसवलाय, आणि बाजरी निघून गेलेल्या एका रानात एक माणूस नांगर धरून उभा आहे.

त्याच्याकडे नीट बघा. रान लांबलचक आहे, पण रुंदीला धोतराच्या पानाएवढं. तास घेत तो टोकापर्यंत जातो आणि अडतो. बैलांना फिरायला जागा नाही. शेजारच्या रानात पीक उभं आहे, आणि शेजारी म्हणजे त्याचाच चुलतभाऊ बांधावर बसून राहिलाय, बैलाचं खूर आपल्या हरभऱ्यात पडतंय का ते बघत. मग नांगर उचलायचा, बैल मागे रेटायचे, कासरा ओढून त्यांना जागच्या जागी फिरवायचं आणि पुन्हा तास धरायचा. उभी नांगरट कशीबशी होते. आडवी होतच नाही, त्यामुळे हरळी हटत नाही. बापाच्या वेळी अर्ध्या दिवसात उरकणारं काम, आता तेवढ्याच रानाला दिवस खातं.

अशी पट्टी का पाडली म्हणून विचाराल तर तो तुमच्याकडे खुळ्याकडे बघावं तसा बघेल. आज्याला तीन ल्योक होते. गावातलं रान एकसारखं नाही: ओढ्याकडे काळं, वरच्या अंगाला मुरमाड, नदीकडे मळई. एकाला सगळं काळं आणि दुसऱ्याला सगळा मुरूम दिला तर घरात डोकी फुटतील. म्हणून प्रत्येक रानाचे तीन उभे तुकडे केले. पुढच्या पिढीत त्या तिनांचे सात झाले. वाटणी चोख झाली, पंचांनी मान डोलावली, फक्त औत वळायला जागा उरली नाही.

आज गावात एक साहेब आलेत. हॅरॉल्ड मॅन, पुण्याच्या शेती कॉलेजचे प्रिन्सिपॉल. आधी आसामकडे चहाच्या मळ्यांसाठी शास्त्रज्ञ म्हणून काम केलेले. सोबत सहस्रबुद्धे, कानिटकर अशी कॉलेजातली मंडळी आहेत. घराघरात जाऊन ते विचारतात: रान किती, किती ठिकाणी, बैल किती, कर्ज कुणाचं, व्याज काय, खाणारी तोंडं किती. तुम्हीही मागून ओसरीवर टेका. घरधनी आधी सगळंच कमी सांगतो; सरकारी माणसाला खरं सांगितलं की सारा वाढतो हे त्याला बापाने शिकवलेलं असतं. दाराआडून बायको कर्जाचा आकडा दुरुस्त करते. तो गप्प होतो. कानिटकर लिहून घेतात.

हे सगळं १९१७ मध्ये पुस्तक होऊन बाहेर येईल. हिंदुस्थानातल्या खेड्यांची घरोघर अशी पाहणी करणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी ते एक. त्यातला हिशेब असा: १०३ कुटुंबांपैकी निव्वळ जमिनीवर नीट भागतं अशी ८. बाहेर कमावून आणल्यामुळे तरतात अशी २८. उरलेल्या ६७ घरांत कसंही करून मेळ बसत नाही. ती कमी खातात आणि जास्त उसनं काढतात. लक्षात घ्या, हे पुण्याच्या उशाशी असलेल्या गावाचं चित्र आहे. दुष्काळी माणदेशातलं नव्हे.

मॅनसाहेबांनी जुनी दप्तरंही उघडलीत. त्यातल्या सगळ्यात पिवळ्या पडलेल्या रुमालावर हात ठेवा.

१७७१. थोरल्या माधवरावांची अखेरची वर्षं. बांध कुठे आहे हे शोधावं लागतं, इतकं रान मोकळं. खात्याची सरासरी निघते ४० एकर. नांगर इथे निवांत वळतो, आणखी चार बैल जुंपले तरी वळेल. फार हुरळू नका. त्यातलं बरंचसं रान पडीक आहे, माणसंच थोडी आहेत, आणि वेठीला बोलावणं आलं की पेरणी टाकून जावं लागतं. त्या काळाला रामराज्य म्हणायचा मोह अनेकांना होतो, मला होत नाही. पण दोन एकरांखालचं खातं इथे जवळजवळ सापडत नाही, एवढं खरं.

पुढच्या रुमालावर १८१८. खडकीच्या लढाईला वर्षही उलटलेलं नाही, पेशवाई बुडालीय. सरासरी साडेसतरा एकर. आणि तुम्ही जिथून निघालात त्या १९१५ मध्ये ७ एकर. शंभरातली ८१ खाती दहा एकरांच्या आत, ६० खाती पाच एकरांच्या आत. दोष कुणाला द्यायचा? वारसा कायदा, वाढती तोंडं, बुडालेले हातधंदे, ज्याच्या हाती कागद त्याच्या हाती जमीन असा सावकारी व्यवहार, सगळ्यांचा थोडा थोडा.

मधे १८८६ ला पुण्यात उतरू. माल कुठे जातो ते बघितल्याशिवाय रानाचं दुखणं कळत नाही.

शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरणारा भाजीबाजार यंदा नव्या इमारतीत गेलाय. दगडी बांधकाम, मधे उंच मनोरा, गव्हर्नरसाहेबांच्या नावावरून रे मार्केट. या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणारे एक गृहस्थ होते जोतीराव फुले. पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे याच इमारतीला त्यांचं नाव देऊन पुण्याने हिशेब मिटवला. जोतीरावांना भाजीचा धंदा ऐकून माहीत नव्हता, ते स्वतः त्यात होते. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी माळव्याची गाडी शहरात आणणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब मांडलाय: जकात, दलाली, वाटेतला खर्च, आणि गाडी हाकत रिकाम्या हाताने घरी. गाडीवाल्याच्या शेजारी बसून पर्वतीखालून परत निघा म्हणजे तो हिशेब किती साधा आहे ते कळेल. भाजी सकाळी तोडली की संध्याकाळी मान टाकते. घेणाऱ्याला थांबता येतं, विकणाऱ्याला नाही. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीत आहे.

त्याच १८८६ मध्ये वऱ्हाडात कारंज्याला सरकारने कापसाचा बाजार नियमाखाली आणला. कापूस मँचेस्टरला हवा होता, तेव्हा तिथे काटा आणि कायदा वेळेवर पोचला. माळवं पुण्याच्याच पोटात जाणार होतं, त्याला छप्पर मिळालं.

पुन्हा १९१५, आता संध्याकाळ. गावाबाहेरच्या वाटेवर उभे राहा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून माणसं परत येतायत. तिकडे युरोपात लढाई पेटलीय, इकडे हातांना काम आहे. सकाळी नांगर उचलून बैल फिरवणाऱ्याचा धाकटा भाऊ याच घोळक्यात आहे. मॅनसाहेबांच्या वहीतली ती २८ घरं ही अशी तरलीत. रान मोठं झालं म्हणून नव्हे, घरातला एक जण रानाबाहेर पडला म्हणून.

हे मुंबईत बसून एका तरुण माणसाने फार नेमकं ओळखलं. १९१८. सिडनहॅम कॉलेजात त्याच वर्षी प्राध्यापक होणारे भीमराव आंबेडकर अर्थशास्त्राच्या नियतकालिकात हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध छापतात. त्या वेळी सरकारी शेतीखात्यात बरेच जण एकाच सुरात बोलतायत: तुकडे जोडा, वाटणीला कायद्याने लगाम घाला. आंबेडकर म्हणतात, रान लहान की मोठं हे एकरावर ठरत नाही. त्यात किती भांडवल, किती अवजारं, किती माणसं लागतायत त्यावर ठरतं. हाताशी बैल-नांगरच पुरेसा नसेल तर मोठं रान घेऊन शेतकरी काय करणार? आणि ज्या हातांना रानात खरं काम नाही ते सगळे त्याच रानावर जेवतायत, हा मूळ रोग. उपाय म्हणून त्यांनी बोट दाखवलं कारखानदारीकडे. जादा माणसं तिकडे गेली की मागे राहिलेल्यांना शेती परवडेल.

तो निबंध वाचून बांधावर परत येऊ नका. बांधच थोड्या वर्षांत तुमच्याकडे येणार आहे. कारण या उपायाचा प्रयोग नेमका याच शिवारात झाला. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, मग टेल्को, आकुर्डीला बजाज, त्यांच्या मागून लहान लहान शेडमधले शेकडो कारखाने. शिफ्टचे भोंगे गावात ऐकू येऊ लागले. घराघरातून एक एक जण आत गेला, पगार घरी आला, विहिरीवर मोटर बसली, पोरं शाळेत टिकली. आंबेडकरांच्या गणिताची पहिली पायरी अचूक आली. दुसरी आली नाही. गेलेल्याने रानावरचं नाव काढलं नाही. कोण काढेल? कारखाना आज आहे, उद्या टाळं लागलं तर? तो रविवारी येऊन वांगी तोडून न्यायचा आणि सातबारावरचं नाव जपायचा.

१९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा झालाच होता. ठरावीक क्षेत्राच्या खाली तुकडा पाडता येणार नाही, असं कलम. तलाठ्याच्या चावडीत डोकावा: एका सातबारावर अकरा नावं, शेजारी आणेवारी, सगळं सामाईक. आता रानात जाऊन बघा: अकरा बांध. कायद्याने कागद सांधला, बांध माणसांनी तोंडी वाटणीने घातले. राज्यभर हेच. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं ४.२८ हेक्टर होतं, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर, सव्वातीन एकर. खाती मात्र सुमारे साडेएकोणपन्नास लाखांवरून दीड कोटींच्या वर गेली. एका रानाची दोन, दोनांची पाच.

आता रात्र आहे, साल १९९० च्या अलीकडे-पलीकडे, आणि तुम्ही एका टेम्पोच्या हौद्यात मेथीच्या जुड्यांवर बसला आहात. टेम्पो खेडकडून निघालाय, गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे. घाऊक भाजीबाजार मंडईतून इकडे हलून काही वर्षं झालीत. जुड्यांवर पाणी मारलंय, ते तुमच्या पाठीत झिरपतं. शेजारी बसलेला शेतकरी झोपत नाही. दुपारभर घरातल्या चार बायकांनी आणि दोन रोजंदारीच्या बायांनी मेथी उपटली, मुळं धुतली, जुड्या बांधल्या. किती बांधल्या हे त्याला माहीत आहे. काय मिळणार हे माहीत नाही. जगात एवढा एकच धंदा असेल, ज्यात माल घेऊन निघालेल्या माणसाला त्याची किंमत पोचल्यावर कळते.

तीन वाजता यार्डात शिरता. दिव्यांचा लखलखाट, हमालांच्या आरोळ्या, पायाखाली कोबीच्या पानांचा चिखल. आडत्याच्या गाळ्यासमोर जुड्या उतरतात. पालेभाजीचा भाव शेकड्यावर. आज नाशिककडून गाड्या जास्त आल्यात असं कुणीतरी म्हणतं, आणि तुमच्या सोबत्याचा चेहरा उतरतो. आडत्या माणूस वाईट नाही. गेल्या वर्षी याच्या मुलीच्या लग्नाला त्यानेच उचल दिली, बियाण्यालाही दिली. त्यामुळेच हा दुसऱ्या गाळ्यावर जाऊ शकत नाही. आणि हेही कबूल करायला हवं की अपरात्री, पावसात, कितीही माल आणा, तो घेणारा आणि सकाळी पैसे देणारा दुसरा कुणी या शहरात उभा नाही. बाजार समित्यांना शिव्या देणाऱ्यांनी एक रात्र इथे काढावी, मग बोलावं.

सहाच्या सुमाराला पट्टी हातात पडते. कागदाची एक चिठ्ठी. वर आलेली रक्कम, खाली कापाकापी: आडत, हमाली, तोलाई, मोटारभाडं. शेवटच्या ओळीखाली एक रेघ, रेघेखाली त्याचा हिस्सा. तो ती पट्टी दोनदा वाचतो, घडी घालून टोपीत ठेवतो आणि चहा सांगतो. दोन चहा. तुमचेही पैसे तोच देतो.

त्याच वेळी मंडईबाहेर एक गृहिणी तीच जुडी घासाघीस करून घेत असते, कितीतरी पट भावाने, आणि शेतकरी गबर झाल्याची कुरकुर करत घरी जाते. या मधल्या अंतराला रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये आकडा दिला: ग्राहकाने मोजलेल्या रुपयातले शेतकऱ्याच्या हातात टोमॅटोला सुमारे ३३ पैसे, कांद्याला ३६, बटाट्याला ३७. तीही सरासरी. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि सगळी कापाकापी होऊन त्याला दोन रुपयांचा धनादेश मिळाला. तो कागद सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आला. अशा पट्ट्या आणखीही शेतकऱ्यांच्या टोप्यांत निघतात, त्या छापल्या जात नाहीत इतकंच.

पिंपळे सौदागरला परतू. २००० नंतरची पाच-सात वर्षं. हिंजवडीला आयटी पार्क उभं राहिलंय आणि तिथल्या पोरापोरींना राहायला घरं हवीत. गावात आता एकर हा शब्द कुणी काढत नाही. गुंठा. १०८९ चौरस फूट. वकील, दलाल, विकसक यांच्या गाड्या देवळासमोर उभ्या. ओसरीवर पुन्हा एकदा तीच पृच्छा चालू आहे जी मॅनसाहेबांनी केली होती: रान किती, किती ठिकाणी, नावं कुणाकुणाची. या वेळी घरधनी काही कमी सांगत नाही. सासरी गेलेल्या बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलंय. काही जणी साडीचोळीवर सही करतात, काही जणी नाही करत, आणि मग पुढची वीस वर्षं कोर्टात.

आता नीट बघा काय घडतंय ते. जी पट्टी इतकी अरुंद की तिच्यात औत वळत नव्हतं, तिच्या शेजारची पट्टी विकसकाने घेतली. मग तिच्या शेजारची. मग त्या चुलतभावाची, जो बांधावर बसून खुरं मोजत होता, त्याच्या नातवाची. अकरा बांध एका आठवड्यात जेसीबीने सपाट केले. १९४७ पासून सरकारला एकत्रीकरण म्हणून जे जमलं नाही ते इथे अडीच पावसाळ्यांत झालं. जमीन पुन्हा १७७१ सारखी सलग झाली, फक्त आता तिच्यावर कुणी पेरणार नव्हतं.

ज्यांनी विकलं त्यांना बाहेरच्यांनी गुंठामंत्री म्हणून हिणवलं. गळ्यात साखळ्या, पांढरी गाडी, पोरगं नगरसेवकाच्या मागे. मला हा चेष्टेचा सूर कधी पटला नाही. चार पिढ्या ६७ घरांच्या यादीत काढलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदाच पट्टीवर कापाकापी नसलेला पैसा आला. त्याने तो उधळला असेल. काहींनी खोल्या बांधून भाडी लावली, काहींनी मुळशीत किंवा दौंडकडे पुन्हा रान घेतलं. कुणाला नावं ठेवायची असतील तर आधी सांगा, त्याच्या जागी तुम्ही सव्वातीन एकरात मेथी लावली असती का?

आणि आता, आताची संध्याकाळ. पितृपंधरवडा चालू आहे, म्हणून गवार, कारली आणि अळूच्या पानांना उठाव आहे. त्याच शिवारातल्या एका मोकळ्या प्लॉटवर, दोन उंच इमारतींच्या मधे, मांडव पडलाय. शेतकरी आठवडे बाजार. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आडत शेतकऱ्याऐवजी घेणाऱ्याकडून घ्यायचं ठरलं, आणि त्याच सुमारास पणन मंडळाने अरणच्या संत सावता माळ्यांच्या नावाने हे आठवडे बाजार शहराशहरांत भरवायला घेतले. पुण्यात त्याआधीपासून सुरुवात झाली होती. शेतकऱ्यांचे गट, त्यांच्या उत्पादक कंपन्या माल आणतात, सोसायट्यांतले लोक पिशव्या घेऊन खाली उतरतात. मधे कुणी नाही.

कुणी नाही, असं फलक सांगतो. तिसऱ्या टेबलावर सफरचंदं आहेत. पुणे जिल्ह्यात सफरचंद कुठल्या रानात पिकतं हे त्या शेतकरी बंधूला विचारलंत तर तो हसून संत्र्यांकडे वळतो. असे पहाटे यार्डातून भरून आणणारे इथे आहेत आणि त्यांना सगळे ओळखून आहेत. माल बघायचा असेल तर हात बघावेत. पाचव्या टेबलामागच्या मावशींची बोटं काळी पडलीत आणि नखांत माती आहे. पालेभाजी सकाळीच उपटलीय.

त्या पुरंदरच्या. टेबलावर वाटाणा, सीताफळं, गवार, थोडी मेथी. तुम्ही शेंग फोडून दाणा तोंडात टाकता. गोड आहे. इलेक्ट्रॉनिक काटा, शेजारी पुठ्ठ्यावर चिकटवलेला क्यूआर कोड, आणि पैसे आल्याचं यंत्रातली बाई मोठ्याने सांगते तेव्हा मावशी दर वेळी दचकतात. मुलगा मागे क्रेट फोडतोय. सून घरी, गाय व्यायला झालीय. घरचं रान तीस गुंठे बागाईत आणि थोडं जिराईत. एवढ्या रानात एकच पीक घेतलं तर यार्डात पट्टी मार देते, म्हणून तीस गुंठ्यांत नऊ प्रकार, थोडं थोडं, मागं-पुढं लावलेलं. ते घाऊक बाजारात कुणी विचारणार नाही. इथे मात्र गिऱ्हाईकाला नऊच प्रकार हवे असतात. १९१८ चा तो निबंध मला इथे राहून राहून आठवतो: रान लहान आहे की नाही हे खरोखर एकरावर ठरलेलं नाही.

पण त्यांच्या दिवसाचा हिशेबही बघा. पहाटे तोडणी, अकराला चार घरांनी मिळून केलेली पिकअप, दिवे घाटातून खाली, हडपसरची कोंडी, चारला टेबल. नऊपर्यंत उभं. घरी पोचायला साडेअकरा. आठवड्यातून असे तीन वार, तीन वेगवेगळ्या जागा. घरातली दोन माणसं एवढ्यासाठी मोकळी असतील तरच हा बाजार. ज्याच्याकडे पाच एकर कांदा किंवा सोयाबीन आहे त्याने इथे काय मांडायचं? ज्याची दोन्ही पोरं चाकणला कामाला लागली तो कुणाला उभं करणार? आणि पाऊस आला की सोसायटीवाले लिफ्टने वर जातात; दहा मिनिटांत भाजी दारात आणून देणारा मोबाइलमध्ये आहेच. मांडवाखाली उरलेली मेथी नऊ वाजता कोपऱ्यावरचा हॉटेलवाला मातीमोलाने उचलतो. तो दर वेळी नऊलाच येतो. १८८६ च्या गिऱ्हाइकासारखंच त्यालाही थांबता येतं.

“काय मावशी, यार्डापेक्षा बरं आहे ना?”

“बरं म्हंजे? चांगलंच हाय की. हितं भाव मी सांगते.” त्या गवार मापात टाकत बोलतात. आठवडे बाजाराने काय दिलं हे सांगायला एवढं पुरे. १९९० च्या त्या टेम्पोतल्या माणसाला हे वाक्य एकदाही उच्चारता आलं नव्हतं.

“मग पोरगा करील ना शेती?”

मुलगा क्रेटवरून मान वर करतो. उत्तर मावशीच देतात. रान विमानतळात आहे. २०१६ पासून घोळत असलेला पुरंदरचा विमानतळ, त्याच्या नकाशात सात गावं: पारगाव, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी आणि खानवडी. खानवडी म्हणजे फुल्यांच्या घराण्याचं गाव म्हणून ओळखलं जाणारं. वर्षानुवर्षं मोर्चे झाले, सभा झाल्या, ग्रामसभांचे ठराव झाले. मावशीही दोनदा पुण्याला कलेक्टर कचेरीवर बसून आल्या. आता भावकीतले काही जण मोबदल्याचं बोलतात. बदली जमीन कुठे मिळणार, तिथे पाणी असेल का, तिथून इथे यायला किती तास लागतील, यातलं कुणी काही सांगत नाही. पोरगं सीताफळाची झाडं मोजतंय, झाडागणिक पैसे लागतात म्हणून.

तुम्ही पिशवी पुढे करता. त्या वाटाणा ओततात, वर मूठभर जास्त टाकतात, आणि मागच्या बावीस मजली इमारतीकडे हनुवटीने खूण करतात.

“दादा, तुम्ही हितंच ऱ्हाता न्हवं? मग सांगा की. हितं फुटाला काय दर दिला हुता वो शेतकऱ्याला?”